आफ्रिकन कादंबऱ्यांतली गावं नक्की कुणी फोडली?

खानापूरची वाचक:
नमस्कार. आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमून एखादी कादंबरी वाचतो. यंदा नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) आणि केनियाच्या न्गुगी वा थिओंगोंची 'द रिव्हर बिटवीन' (१९६५) घेतली, आणि बैठकीत चांगलीच जुंपली. बऱ्याच जणींचं म्हणणं, गोरे आले आणि गुण्यागोविंदानं नांदणारं गाव फुटलं. मला नाही पटत. अचेबेचा नायक ओकोन्क्वो, त्याचा समाज जुळी मुलं रानात टाकतो, ओसूंना म्हणजे देवाला वाहिलेल्या बहिष्कृतांना जवळ येऊ देत नाही. चर्चनं पहिले ओढले ते असेच कडेचे लोक. न्गुगींकडे तर कामेनो आणि माकुयू या समोरासमोरच्या डोंगरधारा मोठेपणावरून आधीपासूनच भांडतायत. मग एकी होती कधी? पुढच्या बैठकीला काय घेऊ?

मार्कंडेयकाठ:
ताई, अचेबेचीच 'ॲरो ऑफ गॉड' (१९६४) घ्या. माझ्या मते ती पहिलीपेक्षा सरस आहे, गाजली कमी एवढंच.

उमुआरो म्हणजे सहा गावं, आधी ज्याचा देव त्याच्यापाशी. अबामचे लोक रात्री येऊन माणसं पळवायचे, गुलाम म्हणून विकायचे. तेव्हा सहाही गावांनी मिळून उलू हा नवा देव बसवला. पुजारीपण दिलं सगळ्यांत दुबळ्या गावाला, म्हणजे कुणी कुणाच्या डोक्यावर बसायला नको. तेव्हा ती एकी अनादी वगैरे नाही, भीतीपोटी केलेली आहे. अबामची भीती गेल्यावर तिला धरून ठेवणार काय?

इझेउलू त्या देवाचा पुजारी. इंग्रज अधिकारी कॅप्टन विंटरबॉटमला त्याला वॉरंट चीफ, म्हणजे सरकारनं नेमलेला मुखिया करायचंय, कारण इग्बो लोकांच्या या मुलखात राजा नाही आणि सरकारला हुकूम सोडायला कुणीतरी लागतो. हा नको म्हणतो आणि साहेबाचं ठाणं असलेल्या शेजारच्या ओकपेरीत कोंडला जातो. दर नव्या चंद्राला एक पवित्र याम खायचा हा त्याचा नेम, त्यातले दोन चंद्र हुकतात. सुटून आल्यावर म्हणतो, मागे राहिलेले याम क्रमानंच संपतील, तोवर नव्या पिकाचा सण नाही. आणि सणाआधी कुणी याम काढायचा नाही. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. यात्रेआधी आपल्याकडे देवस्की पंच वार पाळायला सांगतात, आपण पाळतोही. पण रताळी काढणीला आल्यावर दोन महिने कुदळ लावू नका म्हणाले तर? बघा की, कोण ऐकेल!

गावचे दहा मानकरी त्याच्याकडे येतात. म्हणतात, राहिलेले याम आजच खाऊन टाक, पाप आमच्या माथी. तो नाही म्हणतो. आपल्याला नेलं तेव्हा गाव गप्प राहिलं याचा सूड त्याच्या मनात आहे, आणि आपण देवाच्या हातातला बाण, आपल्याला निवड नाही, असंही त्याला खरोखर वाटतं. तोवर चर्चचा धर्मोपदेशक गुडकंट्री सांगतो, एक याम आमच्या देवाला वाहा आणि खुशाल काढणी करा. लोक जातात. भुकेपोटी जातात.

निपाणीकर:
काका, साहेबाला फारच स्वस्तात सोडलंत. चंद्र हुकले कुणामुळे? गुन्हा काय, तर सरकारी नेमणूक नाकारली! त्याआधी ओकपेरीशी जमिनीवरून लढाई झाली तेव्हा याच विंटरबॉटमनं उमुआरोच्या बंदुका सगळ्यांदेखत मोडल्या होत्या. फूट जुनी, मान्य. पण फूट सांधायची गावाची जी बैठक होती, तिच्या वर साहेबाची खुर्ची आली. दहा मानकऱ्यांचा शब्द पूर्वी इतका हलका पडला असता का?

न्गुगींचंही तेच. केनियात १९२९ च्या सुमारास मिशननं मुलींच्या सुंतेविरुद्ध शपथा मागितल्या, तेव्हा तिथल्या गिकुयू लोकांनी पोरं काढून घेऊन स्वतःच्या शाळा उभ्या केल्या. 'द रिव्हर बिटवीन'चा नायक वाइयाकी, त्याच्या शाळांमागे तो इतिहास आहे.

खानापूरची वाचक:
त्या शाळांवरूनच आमची जुंपली होती! वाइयाकी शाळांमागून शाळा काढत सुटतो आणि दोन्ही डोंगर जोडायचं बोलायचं राहूनच जातं. शेवटी त्याच्या प्रेयसीसकट, न्याम्बुरासकट, त्याला कियामाच्या म्हणजे टोळीच्या पंचांच्या हवाली करणारे त्याचेच लोक. पण मला छळते ती मुथोनी, न्याम्बुराची बहीण. ख्रिस्ती जोशुआची मुलगी. येशूही हवा आणि सुंता होऊन टोळीतली बाई म्हणून मानही हवा. ती त्यातच जाते, आणि दोन्ही बाजू तिच्या मरणाचा आपापल्या सोयीनं अर्थ लावतात. बापानं तर आधीच नाव टाकलेलं. दोन्ही टोकं जोडायला निघालेली तीच, आणि कुठल्या पंचांत तिला बसायला जागा होती? 'ॲरो'मध्ये बायका काय करतात?

मार्कंडेयकाठ:
निपाणीकर, खुर्चीचा मुद्दा बरोबर आहे. पण मानकऱ्यांना नकार साहेबानं नाही दिला, पुजाऱ्यानं दिला.

ताई, बायका घरातच दिसतात, सवतींच्या कुरबुरींत. ती पानं गाळू नका, सगळी आतली बातमी तिथंच कळते. सुरुवातीला नावांनी दमायला होईल. ओदुचे पवित्र अजगर पेटीत कोंडतो तिथवर तग धरा. ओदुचे म्हणजे इझेउलूचाच मुलगा, 'तिथं माझे डोळे हो' म्हणून बापानंच चर्चमध्ये धाडलेला.