घरी मार खाणारी बाई ओपीडीत "झोप नाही" म्हणून येते, तेव्हा काय करावं?

कांदळवन: राजापूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य उपकेंद्रातली गोष्ट. एक बाई तीन महिन्यांत पाचव्यांदा आली. धडधड, झोप नाही, डोकं जड. सासू कायम सोबत, दंडावर बोटांचे वळ. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की "वेडी ठरवतील" म्हणते. नवरा बोटीवर असतो, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरी आणि दारूत. दोघांना एकत्र समुपदेशनाला बसवावं का?

रापण: एकत्र मुळीच बसवू नका. त्याच्यासमोर ती बोलणार नाही, आणि बोललीच तर रात्री त्याची वसुली होईल. वजन-बीपीच्या निमित्ताने तिला एकटीला आत घ्या, सासूला केसपेपर काढायला धाडा. मग सरळ विचारा: घरी कोण हात उगारतं? गळा कधी दाबला का? जीव द्यावासा वाटतो का? नुकताच गळा दाबला असेल तर वळ दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आतली सूज उशिराही चढते. जीव द्यायचा विचार असेल तर आंब्याच्या फवारणीचं औषध पडवीत आहे का ते विचारा आणि ते घराबाहेर हलवायची सोय बघा. डॉक्टरांना सांगून झोपेच्या गोळ्या आठवड्यापुरत्याच द्यायच्या.

माजघर: केसपेपरवर "पडून लागले" लिहिलं की पुढे कोर्टात तेच आडवं येतं. "पतीने दंड पिरगळल्याचे रुग्ण सांगते" असं तिच्या शब्दांत, वळाची जागा, रंग आणि तारखेसह लिहून घ्या. तिची तयारी असेल तर संरक्षण अधिकारी (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेले) कौटुंबिक घटना अहवाल भरून दंडाधिकाऱ्यांकडे देतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मानसिक छळही हिंसाच आहे, कलम 22 खाली त्याची भरपाई मागता येते. तिथे उपचाराची नोंद तिच्याच बाजूने बोलते. "वेडी"ची भीती मात्र खरी आहे, ती हसून उडवू नका. तिला सांगा: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार गोपनीय आहेत, आणि नुसत्या निदानावरून कोणी वेडं ठरत नाही, ते कोर्टानेच ठरवावं लागतं.

कांदळवन: आणि दारू सोडवली तर?

रापण: त्याचे उपचार जरूर करा, पण वेगळे. दारू सुटली की मार थांबेल, असं तिला कधीही सांगू नका. शुद्धीत मारणारेही असतात, आणि त्या आशेवर ती आणखी वर्षभर थांबते. तिला मानसिक आधारासाठी टेलिमानसचा 14416, मदतीसाठी 181, जिवावर बेतलं तर 112. फोन मात्र उपकेंद्रातूनच लावून द्या. तिच्या मोबाईलमधले नंबर घरात तपासले जातात.