अनुभव धागा: ऊन वाढलं की गाडी का तापते?

ऊन वाढलं की 'गाडी तापतेय, काय करू?' हा प्रश्न ठरलेला. 'कूलंट बघा, रेडिएटर बघा' हे उत्तरही ठरलेलं, आणि त्याने कुणाचंच काम होत नाही. (कूलंट म्हणजे इंजिनात फिरून ते गार ठेवणारं पाणी, रेडिएटर म्हणजे ते पाणी थंड करणारी पुढची जाळी.) म्हणून हा धागा. विनंती एकच: कुठला पार्ट बदलला ते नंतर सांगा, तापमानाचा काटा कधी चढला ते आधी लिहा. गर्दीत? मोकळ्या रस्त्यावर? चढावर? एसी चालू होता का? निम्मं निदान तिथेच होतं. गाडी रांगत असते तेव्हा रेडिएटरमधून हवा खेचणारा एकटा पंखा असतो, वेग घेतला की ते काम वारा करतो. सिग्नलला तापून पुढे थंड होत असेल तर संशय पंख्यावर. उलटं असेल तर पाणी नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर चोंदलाय.

माझी पेट्रोल हॅचबॅक पहिल्या प्रकारातली. पंख्याची मोटर गेली असं निदान झालं होतं. मोटरला बॅटरीवरून थेट वायर दिली तर पंखा मस्त फिरला. मग रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच, उपटून पाहिला. एका पायाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं. शेजारी हॉर्नचा त्याच क्रमांकाचा रिले होता, तो तिथे खोचला आणि पंखा सुरू. एसी लावल्यावर पंखा लागतो का, ही सगळ्यात सोपी तपासणी. हात मात्र लांब ठेवा. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

तेलकट हात
माझी केस बरोबर उलटी. गर्दीत ठीक, पण मोकळ्या रस्त्यावर जरा वेळ वेगात चालवली की काटा लाल पट्ट्याकडे. पंखा जोरात फिरत होता. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) चटका बसेल इतका गरम आणि खालचा चक्क थंड. म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, उघडतच नव्हता. काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने सोडला. त्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला हवा, पण पाणी खळखळा उकळलं तरी झडप तसूभर हलली नाही. 'नवा कशाला, काढूनच टाकू' असा सल्लाही मिळाला. ऐकू नका. इंजिन कायम गार राहतं, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) ते अजून तापलेलंच वाटत नाही, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो.

जुना डिझेलवाला
आमच्या काळात थर्मोस्टॅट काढूनच गाड्या चालायच्या हो, आणि बऱ्याच चालायच्या. असो, हल्लीच्या गाड्यांबद्दल वाद घालत नाही. ज्यांचा पंखा इंजिनवरच बसवलेला आहे त्यांच्यासाठी: इंजिन गार आणि बंद असताना पंखा हाताने फिरवा. थोडा जड फिरायला हवा. मोकळा भिरभिरला तर पंखा इंजिनला जोडणाऱ्या कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गेलंय. माझ्याकडे हेच निघालं. चढावर, भरलेली गाडी, दुसरा गिअर, की काटा वर.

रातकिडा
रेडिएटरच्या कॅपबद्दल कुणीच कसं बोललं नाही? पाणी १०० अंशांना उकळतं, निम्मं पाणी-निम्मं कूलंट साधारण १०७ला, आणि कॅपने १ बारच्या आसपास दाब धरला की तोच आकडा १२५च्या पुढे जातो. माझ्या कॅपचं रबर कडक होऊन चिरलं होतं. दाब टिकत नव्हता, गाडी थांबवली की कूलंटच्या रिझर्व्ह टाकीत बुडबुड सुरू. आधी कुणीतरी रेडिएटर फ्लश करून दिला होता. बदलायची होती कॅप!
आणि गरम गाडीची कॅप उघडू नका. दाब सुटला की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

मोकळी वाट
एसी लावला की तापायची, बंद केला की ठीक. रेडिएटर समोरून स्वच्छ दिसत होता, पण समोरून दिसतो तो एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची स्वतःची जाळी. तो सैल करून पुढे ओढला तर दोघांच्या फटीत धूळ, किडे आणि कापसासारख्या तंतूंची जाड गादी. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, तेही हलक्या धारेने. जोराच्या धारेने फिन्स (जाळीच्या पातळ पट्ट्या) वाकतात.

तेलकट हात
रस्त्यात काटा चढला तर एसी बंद, हीटर फुल आणि ब्लोअर जोरात. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच. घामाघूम व्हाल, पण इंजिनचं तापमान थोडं उतरतं. वाफ दिसली किंवा पाणी गळताना दिसलं तर मात्र लगेच बाजूला घेऊन बंद करा. तापल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला (इंजिनच्या वरच्या झाकणाला) तडा जाऊ शकतो.

निळी डिकी
याला जोडून भावाच्या गाडीचं. काटा वर गेला, मग आपोआप खाली आला, म्हणून तो निर्धास्त. प्रत्यक्षात होज फुटून कूलंट सगळं सांडलं होतं. सेन्सर कोरडा पडला की काटा खोटं बोलतो. हेड वाकलं, फेसिंग करून (घासून) सपाट करावं लागलं, त्याखालचं गॅस्केट (सील) तर गेलंच. हीटर लावूनही गार वारा येत असेल तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

माझा आता प्रश्न. माझी गाडी अजून तापलेली नाही. पण सकाळी गार इंजिन सुरू केलं की लगेच वरचा होज टणक होतो, आणि कूलंट हळूहळू कमी होतंय. खाली एक थेंब नाही. गॅरेजवाले हेड उतरवायला सांगतायत.

जुना डिझेलवाला
उतरवू नका अजून. आधी ब्लॉक टेस्ट करून घ्या. कूलंटच्या टाकीच्या तोंडावर निळं द्रावण धरतात, ते पिवळं पडलं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. ऑइलची कॅपही उघडून बघा, आत दुधाळ साय आहे का. टेस्टचं काय झालं ते इथे लिहा, मग हेडचं बोलू.