९२५ चांदीवर डाख (सांधा जोडायला वितळवतात तो धातू) लावल्यावर जांभळट डाग येतोय, काय करू?

विश्रामबागकर: मी सांगलीत घरीच एकटी जोडवी, कानातली बनवते, दोन वर्षं झाली. डाख लावून पॉलिशला घेतलं की खालून जांभळट डाग वर येतो, घासून हात दुखतात पण जात नाही. त्यात गिऱ्हाईक म्हणतं मजुरी एवढी का लावता, जीव तुटतो हो.

मिरजकर: ताई, तो तांब्याचा डाग. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं ७.५ टक्के बहुतेक तांबंच असतं, तापल्यावर हवा लागली की आतपर्यंत डागाळतं. तापवायच्या आधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून सगळ्या नगाला लावा, पेटवा, पांढरा थर राहील, मग टाकणखार (डाख नीट पसरावा म्हणून) नि डाख. स्पिरिटची बाटली मात्र लांब ठेवा! ज्योत मऊ, एका जागी धरू नका.

कृष्णाकाठ: मजुरी अजिबात कमी करू नका. चांदीच्या दागिन्यांच्या हुपरी गावात एक पैंजण किती हातांतून जातं, तार ओढणारा वेगळा, जोडणारा वेगळा, तुम्ही सगळं एकटीच करताय. बिलात चांदी वेगळी नि मजुरी वेगळी लिहा, घट, म्हणजे कामात झिजून वाया जाणारी चांदी, पण धरा.

विश्रामबागकर: आत्ताच एक जोडवं करून बघितलं, सांध्यापाशी पण पांढरंशुभ्र निघालं!! खूप आभार दादा.