तज्ज्ञाकडे जाण्यासाठी प्राथमिक डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची असावी का?

तर्कसंगत (धागाकर्ता)
डोके दुखले की मेंदूविकारतज्ज्ञ, छातीत धडधडले की हृदयरोगतज्ज्ञ, असा थेट रस्ता धरण्यात रुग्णाचे हित आहे, हे मला पटत नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये तातडीचे प्रसंग वगळता प्राथमिक डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून तज्ज्ञाकडे सहसा जाता येत नाही. ही सक्ती केवळ खर्च वाचवण्यासाठी नाही, तिच्यामागे गणितही आहे. हजारात एकाला होणारा आजार घ्या. आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना पकडणारी आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर वगळणारी चाचणी सरसकट केली, तर त्या एका रुग्णामागे सुमारे ५० निरोगी माणसे ‘पॉझिटिव्ह’ ठरतात. तीच चाचणी निवडून पाठवलेल्या, दहात एकाला आजार असलेल्या गटात केली, तर तीन पॉझिटिव्हांपैकी दोन खरे निघतात. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा २०११ मध्ये त्या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले होते. मृत्यूचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले.

सजग
आपले गणित चुकीचे नाही, पण ते चाचणीचे आहे. ताटकळत राहिलेल्या रुग्णाचे नाही. अंडाशयाच्या कर्करोगात सुरुवातीला पोट फुगते, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे वाटते, आणि ही तक्रार पित्ताच्या किंवा आतड्याच्या कुरबुरीत सहज खपून जाते. चाळणीची भोके बारीक असली की काय होते, हे ब्रिटनलाही कळले आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या तेथील ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगाच्या संशयावरून रुग्ण पुढे पाठवण्याचा उंबरठा, म्हणजे आजार असण्याची शक्यता, साधारण ५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. उंबरठा खाली आणावा लागला, याचा अर्थ आधी काही रुग्ण उंबरठ्याच्या अलीकडच्या बाजूलाच अडकत होते.

तर्कसंगत
उंबरठा खाली आणता येतो, हाच तर माझा मुद्दा आहे. त्यासाठी दार उखडावे लागत नाही. शिवाय आपलेच उदाहरण पाहा. पोट फुगते म्हणून ती स्त्री स्वतःहून कोणाकडे जाईल? बहुधा पोटविकारतज्ज्ञाकडे. तेथे दुर्बिणीने तपासणी होईल, ती निर्दोष निघेल आणि ती निश्चिंत होऊन घरी परतेल. पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू झाला तर तो सहसा आतड्याच्या साध्या कुरबुरीचा नसतो, त्यामुळे रक्तातील सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा वाढणारे प्रथिन) तपासावे, हे प्राथमिक डॉक्टरला ठाऊक असायला हवे.

जुना_वैद्य
आपण दोघेही दाराविषयी बोलत आहात. मी त्या चिठ्ठीत काय लिहिलेले असते याविषयी बोलतो, कारण मी अनेक वर्षे प्राथमिक उपचार करतो. ‘डोकेदुखी, कृपया पाहावे’ एवढ्याच मजकुराची चिठ्ठी म्हणजे निव्वळ हमाली आहे. साठीच्या माणसाची डोकेदुखी नवी असेल, तर मी त्याला घास चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना कानशील हुळहुळते का, हे विचारतो. उत्तर ‘हो’ आले, तर कानशिलाच्या धमनीच्या दाहाचा संशय घ्यावा लागतो, आणि त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. हे दोन प्रश्न चिठ्ठीत उतरले की रुग्णाला त्याच दिवशी पाहिले जाते आणि स्टिरॉइड वेळेत सुरू होते. नाही उतरले, तर तो रांगेत बसतो. आणि तज्ज्ञांकडून उलट टपाली दोन ओळीही येत नाहीत, ही आमची जुनी रड आहे ती आहेच.

सजग
असे प्रश्न विचारणारा डॉक्टर भेटला, तर मलाही चिठ्ठी मान्य आहे. न भेटला तर? इंग्लंडमध्ये २०२५ पासून, तीन भेटींनंतरही निदान झाले नाही किंवा लक्षणे वाढली, तर डॉक्टरने नव्याने विचार करावा असे ठरले आहे. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की तिसऱ्या भेटीनंतर रुग्णाला थेट जाण्याचा हक्क असावा.

तर्कसंगत
त्या नियमात फेरविचार डॉक्टरनेच करायचा आहे, हे विसरू नये. आपली सूचना मला तत्त्वतः अमान्य नाही. पण रुग्ण तीन भेटी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे देतो, प्रत्येकाच्या दफ्तरी ती पहिलीच भेट असते, आणि मग तिसरी कोणी मोजायची?