अपघाताच्या दाव्यात ‘मला त्रास होतो’ एवढं सांगणं पुरेसं आहे का?

धागाकर्ता:
हाड मोडलं तर एक्स-रे दाखवता येतो. ‘झोप लागत नाही, हॉर्न वाजला की छातीत धडधडतं’ हे मात्र दावेदाराच्या तोंडूनच कळतं. केवळ त्यावर आघातोत्तर तणाव विकाराचं (पीटीएसडी, भयंकर प्रसंगानंतर मनात घर करणारा त्रास) निदान कोर्टात टिकू नये, असं माझं ठाम मत आहे. या विकाराची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ ही प्रश्नावली घ्या. २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण. कोणत्या उत्तराने गुण वाढतात, ते वाचतानाच समजतं. उपचारासाठी ती उत्तम, पण वाढवून सांगणं पकडायची सोय तिच्यात नाही. एमएमपीआय-२ या व्यक्तिमत्त्व आणि मानसिक तक्रारी तपासणाऱ्या मोठ्या प्रश्नावलीत त्यासाठी वेगळ्या मोजपट्ट्या तरी आहेत.

प्रतिसाद १:
त्या मोजपट्ट्यांवर इतका विश्वास? त्यातली एफबीएस ही मोजपट्टी १९९१ साली भरपाईच्या दाव्यांतल्या खोट्या तक्रारी ओळखायलाच बनवली गेली. तिच्यात शारीरिक त्रासाचे प्रश्न बरेच आहेत. खरोखर जखमी झालेला माणूस त्यांना ‘हो’ म्हणणारच! अमेरिकेत काही न्यायाधीशांनी ती पुराव्यात घ्यायला नकार दिला आहे.

धागाकर्ता:
एफबीएसचं मान्य. पण विसरण्याचं ढोंग पकडणाऱ्या टॉम चाचणीचं काय? ५० चित्रं दाखवायची, मग प्रत्येक वेळी दोनातून आधी पाहिलेलं ओळखायचं. नुसते अंदाज ठोकले तरी २५च्या आसपास बरोबर येतात. ज्याची १०च येतात, तो बरोबर उत्तर ओळखून मुद्दाम टाळतोय.

प्रतिसाद १:
तिथे वाद नाही. पण ती स्मरणाची चाचणी आहे, रात्री दचकून उठण्याची नव्हे. आणि आघाताची आठवण टाळणं हे या विकाराचंच लक्षण आहे! माणूस तुटक बोलतो, विषय बदलतो, आणि तज्ज्ञ ‘असहकार’ असा शेरा मारतो. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत ढोंगाचा संशय घ्यायच्या खुणांत तपासणीतला असहकार आहे, कायदेशीर संदर्भही आहे. म्हणजे दावा लावला की एक खूण आपोआप लागली. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

प्रतिसाद २:
दोघंही मुलाखतीच्या खोलीतच अडकलात. अपघाताआधीचे दवाखान्याचे कागद, कामावरची हजेरी, घरच्यांचं म्हणणं आधी मागवा. ‘पूर्वी मी ठणठणीत होतो’ असं माणूस खोटं बोलायचा हेतू नसतानाही सांगतो. जुनी दुखणी विसरली जातात.

प्रतिसाद १:
मागवा की. पण जुनं नैराश्य सापडलं म्हणून दावा फेटाळू नका. नाजूक माणसाला धडक दिली तरी जबाबदारी धडक देणाऱ्याचीच.

धागाकर्ता:
जबाबदारी त्याचीच. पण भरपाई ठरवताना आधीचं किती आणि अपघाताने वाढलेलं किती, हे वेगळं काढावंच लागेल. ते दावेदाराच्या शब्दावर सोडायला मी अजूनही तयार नाही.