रडारचा पाऊस डिझाईनला थेट वापरू का?

ओढाकाठ:
मंडळी, एक अडलंय. ६० चौरस किमीच्या पाणलोटावर मोरीचं डिझाईन करतोय, पर्जन्यमापक एकच आणि तोही पार कडेला. रडारचा १२ वर्षांचा डेटा मिळालाय, ५ मिनिटांचा, १ किमी ग्रिडचा. त्यावरून आयडीएफ कर्व्ह (किती जोराचा पाऊस, किती वेळ, किती वर्षांतून एकदा ते दाखवणारे आलेख) काढून १०० वर्षांचा, म्हणजे सरासरी १०० वर्षांतून एकदा येणारा, पूर काढला तर चालेल का? एका वादळात मापकात ३२ मिमी पडलाय आणि त्याच्याच डोक्यावरच्या पिक्सेलमध्ये २१, मग खरं कुणाचं धरायचं?

पूररेषा:
थेट अजिबात नको. रडार पाऊस मोजतच नाही, थेंबांवरून परत आलेला सिग्नल मोजतं, पाऊस आपण समीकरणातून काढतो. ५० डीबीझेड (परत आलेल्या सिग्नलच्या जोराचं एकक) घे, मार्शल-पामर समीकरणाच्या २०० आणि १.६ या स्थिरांकांनी तासाला साधारण ४९ मिमी येतो आणि ३०० आणि १.४ घेतलं की ६३. सिग्नल तोच! आणि हा फरक जोराच्या पावसात वाढतो, म्हणजे नेमका जो डिझाईनला लागतो त्यात. गारा असल्या तर आकडा आणखी फुगतो. रडार किती लांब आहे?

ओढाकाठ:
१०० किमीच्या आसपास.

पूररेषा:
मग जमिनीपासून फक्त ०.५ अंश वर रोखलेला बीमसुद्धा तिथे दीडेक किमी उंचीवरून जातोय, त्याच्या खाली काय झालं ते त्याला दिसतच नाही.

थेंबथेंब:
सगळं बरोबर, पण म्हणून डेटा टाकून देऊ नकोस रे. मी एकदा एकाच मापकाचा पाऊस अख्ख्या पाणलोटावर सारखा पसरवला होता, मॉडेलचा पूर खऱ्या पुराशी काही केल्या जुळेना, मग मॅनिंगचा एन (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) ओढूनताणून बसवला. नंतर रडार लावून बघितलं तर वादळाचा गाभा वरच्या दोन नाल्यांवर आणि मापकाला नुसती कड लागलेली. एन बिचारा ठीकच होता. त्यामुळे डिझाईनचा पाऊस किती मिमी ते मापकांच्या जुन्या रेकॉर्डवरच्या आयडीएफमधून घे, १२ वर्षांवरून १०० वर्षांचा अंदाज ताणू नकोस. रडार वापर पाऊस कुठे आणि कधी पडला ते बघायला, मॉडेल कॅलिब्रेट करायला, म्हणजे खऱ्या पुराशी जुळवायला. आणि ३२ भागिले २१ म्हणून सगळीकडे १.५ ने गुणू नकोस हं, शेजारचे मापक आणि बरीच वादळं घेऊनच बायस (रडार सरासरी किती कमी-जास्त दाखवतं ते) काढ.

पूररेषा:
आणि त्याआधी वेळ तपास. रडारच्या फाईली बहुतेक यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात.

ओढाकाठ:
अरे हो, मापकाची वेळ स्थानिक आहे, मी जुळवलीच नव्हती! शेजारी अजून ४ मापक आहेत, त्यांच्यासकट परत काढतो.