साडेतीन वर्षांची लेक: सायकलीचे पायडल काढू की बॅलन्स बाइक घेऊ?

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे)

नमस्कार मंडळी. लेकीच्या वाढदिवसाला तिच्या आजोबांनी हौसेने १२ इंची सायकल आणली, मागे दोन छोटी सपोर्टची चाकं लावलेली. आठवडाभर पार्किंगमध्ये झोकात फिरली. मग गेटपाशी वळताना सायकल कलंडली आणि हनुवटी खरचटली. तेव्हापासून ती सायकलीजवळ जाते, घंटी वाजवते आणि परत येते. बसत नाही. मैत्रीण म्हणते, पायांनी जमीन ढकलत चालवायची बॅलन्स बाइक घे. आजोबा म्हणतात, पायडल नसलेल्या सायकलीला चार-पाच हजार कशाला? आहे त्याच सायकलीचे पायडल काढून चालेल का? आणि तिच्या मनातली भीती कशी घालवायची? खरं तर मला हेच जास्त विचारायचंय.

उत्तर १ (मिरज)

आम्ही ताशी भाड्याने आणलेल्या मोठ्यांच्या सायकलीवर शिकलो. दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारायचं. पण त्याच्याही आधी, एक पाय पायडलवर ठेवून दुसऱ्या पायाने जमीन ढकलत जायचो. म्हणजे आम्हीही आधी तोलच शिकलो. आजोबांना हे सांगून बघा, त्यांना नक्की आठवेल.

उत्तर २ (नाशिक)

ताई, माझी दोन मुलं. थोरला सपोर्टच्या चाकांवर शिकला, धाकटी पायडल काढलेल्या सायकलीवर. थोरला दोन वर्षं चार चाकांवर फिरला आणि चाकं काढली त्या दिवशी पुन्हा श्रीगणेशा. कारण चार चाकांवर सायकल कलतच नाही. दोन चाकांवर आपण वळणाच्या आत झुकतो, तोल जाईल त्या बाजूला हँडल वळवतो आणि चाकं पुन्हा आपल्या खाली येतात. चार चाकांवर हे शिकायला वावच नसतो. उलट जरा जोरात वळलं की सायकल बाहेरच्या छोट्या चाकावरून उलटते. तुमच्या लेकीचं गेटपाशी तेच झालं असणार. तिचं काही चुकलं नव्हतं, हे तिला आवर्जून सांगा.

आता माप. तिला भिंतीला टेकून उभं करा, दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत पुस्तक धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेला पेन्सिलची खूण करा. सीट त्या खुणेपेक्षा दोनेक सेंटिमीटर खाली यायला हवी. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, नुसते चवडे नाहीत. सीट तेवढी खाली येत असेल तर पायडल काढा. १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतं. मी पहिल्यांदा उलटीकडेच जोर लावत बसलो होतो. क्रँक (पायडल ज्याला लावलेले असतात तो दांडा) तशीच राहिली तर सायकल मागे घेताना ती फिरते आणि नडगीला लागते, तेवढं लक्षात ठेवा.

भीतीचं म्हणाल, तर धाकटीला मी धरलंच नाही. हँडल धरलं की मुलाला तोल कळत नाही, तो आपल्या हातात राहतो. पायात बूट, डोक्याला हेल्मेट आणि सपाट जागा. आठवडाभर ती सीटवर बसून नुसती चालली, मग धावायला लागली. मी कट्ट्यावर भाजी निवडत बसायचो. फरशीवर बुटांचा चर्र-चर्र आवाज चालू असायचा. एका संध्याकाळी तो मध्येच थांबला. मान वर केली तर दोन्ही पाय हवेत आणि सायकल आपली चाललेली. पायडल लावले त्या दिवशी शिकवायला फारसं काही उरलंच नव्हतं.

उतारावर मात्र घाई नको. पार्किंगचा रॅम्प तर नकोच, समोरून गाडी येते.

उत्तर ३ (मानहाइम, जर्मनी)

आमच्या गावात हा विषय फार जिव्हाळ्याचा! कार्ल फॉन ड्राइसने १८१७ साली जूनमध्ये इथूनच आपली दोन चाकी लाकडी गाडी पायांनी ढकलत नेली होती. तिला पायडल नव्हतेच. म्हणजे सायकलीची सुरुवातच बॅलन्स बाइकने झाली. इथे तिला लाउफराड म्हणतात आणि पोरं अडीच-तीन वर्षांची असतानाच तिच्यावर भुर्र होतात. आठ वर्षांच्या आतल्या मुलांनी सायकल फुटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकल मार्गावरून चालवायची, असा नियम आहे, त्यामुळे आईबापांना जरा निवांतपणा मिळतो.

घेणार असाल तर वजन बघा. साडेतीन-चार किलोची असेल तर पडली तरी मूल स्वतः उचलतं. माझ्या मुलाची भीती गेली ती त्यामुळेच.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. माप घेतलं. खूण ३९ सेंटिमीटरवर आली आणि आमची सीट पार खाली केली तरी ४५. म्हणजे पायडल काढून उपयोग नाही. सी विंगमधल्या एका घरी मुलगा मोठा झाल्यामुळे बॅलन्स बाइक पडून होती, ती त्यांनी आनंदाने दिली. दांड्याखालून पाय घालायची गोष्ट आजोबांना सांगितली, तर ते तासभर त्यांच्या सायकलीबद्दलच बोलत होते. काल ते हात पाठीमागे बांधून तिच्या मागे मागे चालत होते. ती दहा पावलं गेली, थांबली आणि म्हणाली, "घंटी कुठाय?"

आजोबांनी लगेच जुन्या सायकलीची घंटी सोडवून हिला लावली.